सिडची बंदूक

८ जानेवारी

आजपासून नोंद. हौस म्हणून नाही, नियम म्हणून. पिकावरची रानकबुतरं बंदुकीनं मारायची तर आधी बाकीचे उपाय करून पाहिले, हे विचारणाऱ्याला दाखवता आलं पाहिजे. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात पंधरा वर्षं काउंटरमागे काढलेल्या माणसाला नोंद कशी ठेवायची हे कुणी शिकवायला नको.

खाणीचं शेत, चाळीस एकर, हिवाळी मोहरी. गॅसची तोफ एक, दर वीस मिनिटांनी वाजते. बुजगावणी चार, पैकी एकाच्या अंगात माझा दुकानातला कोट. ससाण्याच्या आकाराचा पतंग एक.

कबुतरं अंदाजे सहाशे.

११ जानेवारी

कबुतरं अंदाजे नऊशे. तोफ वाजली की सगळी उठतात, एक घिरटी घालतात आणि तोफेच्या आणखी जवळ येऊन बसतात. पतंग काटेरी कुंपणात गेला. माझ्या कोटाच्या खांद्यावर एक कबूतर आरामात बसलं होतं. त्याचा रुबाब आमच्या दुकानाच्या मॅनेजरसारखा होता, पण ते नोंदीत कशाला.

रूथनं दवाखान्यातून आल्यावर वही वाचली. बायको नर्स असली की तिला कशाचीच किळस वाटत नाही, नवऱ्याच्या अक्षराचीही नाही. म्हणाली, ही नोंद नाही, तक्रारवही आहे, तेव्हा तुझ्याजवळच ठेव. म्हणून सरकारी वही वेगळी केली आणि ही माझी मला.

१५ जानेवारी

आता खरं लिहायला हरकत नाही. शेत चालवायची मला भीती वाटते.

ऑगस्टमध्ये ऐन कापणीत बाबा गेले. जमीन इस्टेटची, म्हणजे इथल्या जमीनदाराची, आमची फक्त कुळवहिवाट, पण तिसरी पिढी. मी दुकान सोडून आलो तेव्हा इस्टेटचे एजंट मिस्टर हॅल्स्टेड गोड बोलले आणि एक वर्ष चाचणीचं दिलं. एप्रिलच्या सुरुवातीला येऊन खाणीचं शेत बघणार. मोहरी उभी असेल तर करार माझ्या नावावर. नसेल तर जमीन शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याकडे जाईल, ज्याच्याकडे तीन हजार एकर आहेत आणि ज्याला यंत्रानं पेरलेल्या शेताचं नावसुद्धा माहीत नसतं.

आज शेतात चालत गेलो. वरच्या अंगाला, खळग्याजवळ, सहा एकरांत पानं उरलीच नाहीत. नुसते देठ. हिरवं शेत एका आठवड्यात दाढी केल्यासारखं दिसायला लागलं.

१९ जानेवारी

सिड ओडलिंग असता तर. बाबांच्या काळात चाळीस वर्षं आमच्या शेतावर सिडची बंदूक होती, म्हणजे पिकावरचे पक्षी मारायची परवानगी त्याला होती. दारूच्या गुत्त्यात सिड बोलायला लागला की लोक पेला खाली ठेवायचे. वारा कुठून होता, चहा किती कडक होता, कोण चिखलात पडलं, सगळं रंगवून सांगायचा. फक्त नेम कसा धरला ते कधी सांगायचा नाही. खरे कसबी लोक गुपित फोडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी तो गेला.

मी आज त्याच्या बायकोकडे गेलो. मिसेस ओडलिंग एकाहत्तरच्या आहेत. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीस वर्षं जेवण वाढलं. त्या समोर आल्या की अजून मला ताट पुढे करावंसं वाटतं. सिडची जाळी, खांब विकायचे आहेत का, आणि त्याच्या ओळखीतला कुणी बंदूकवाला आहे का, असं विचारलं. त्यांनी मनुकांचा पाव कापला, त्यावर चीज ठेवलं, माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "जाळी विकायची नाही. मी येते बुधवारी."

नाही कसं म्हणणार? एकटी बाई, नवरा गेलेला, त्याच्या जागी जाऊन बसावंसं वाटत असेल. मी हो म्हटलं. त्यांच्या नावावर बंदुकीचा परवाना आहे, हेही आजच कळलं. सिडच्या सोबतीला हौसेनं काढला असणार.

२१ जानेवारी

दहा वाजता आल्या. मी सात वाजल्यापासून फाटकात उभा. म्हणाल्या, कबुतरांना नाश्त्याची घाई नसते, तुला कशाला आहे? मग आधी गॅसची तोफ बंद करायला लावली. माझ्या कोटाचं बुजगावणंही काढायला लावलं.

पुढचे पाच तास त्यांनी काही केलं नाही. बांधावर खुर्ची टाकून दुर्बीण लावून बसल्या आणि कबुतरं आमचं पीक खात राहिली. मी दोनदा खाकरलो. तिसऱ्यांदा खाकरलो तेव्हा म्हणाल्या, घसा बसलाय तर रूथकडून गोळ्या घे.

निघताना मला बांधाच्या टोकाच्या एका वाळक्या झाडापाशी नेलं. पक्षी त्या झाडावर आधी थांबतात, कुंपणाच्या खिंडीवरून येतात आणि वाऱ्याकडे तोंड करून खळग्यात उतरतात. "रस्ता आहे हा त्यांचा," म्हणाल्या. "आम्ही रस्त्यात दुकान मांडतो, बाजारात नाही." सिडच्या आठवणीत अजून 'आम्ही' म्हणतात बिचाऱ्या.

२३ जानेवारी

आज जे पाहिलं ते नीट लिहितो.

खिंडीच्या बाजूला जाळीचा आडोसा केला. इतका बुटका, की सहा फूट दोन इंचांचा सिड त्यात कसा मावायचा देव जाणे. समोर पंचवीस पावलांवर प्लॅस्टिकची फसवी कबुतरं घोड्याच्या नालेच्या आकारात मांडली, तोंडं वाऱ्याकडे, मधे मोकळी जागा. जेवायला बसलेल्या पंगतीत एक पाट रिकामा दिसला की माणूस तिथेच वळतो, कबूतरही वळतं.

बंदूक सिडचीच, दुनळी. तिचा खांद्याला टेकायचा दस्ता चांगला दोन इंच कापून आखूड केलेला आहे. एवढ्या उंच माणसाला आखूड दस्ता का लागावा? काही तरी युक्ती असणार त्याची.

मला मागे बसवलं आणि हलू नको म्हणून सांगितलं. पहिलं कबूतर आलं, पंख आखडून उतरायला लागलं. त्या उभ्या राहिल्या असं म्हणावं, तर उभ्या राहताना मला दिसल्याच नाहीत. एक आवाज आणि पक्षी मोकळ्या जागेत. मी डोळे मिटले होते. बंदूक वाजली की माझे डोळे मिटतात, लहानपणापासून. सगळे मिळून एकशे बारा पक्षी. काडतुसं एकशे सदतीस, असं त्या म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या की हात बसायला वेळ लागतोय.

दोनदा त्यांनी बंदूक उचलून खाली ठेवली. पंखांवर रानकबुतराचा पांढरा पट्टा नव्हता, पायात कडं होतं. गावातल्या कुणाची शर्यतीची कबुतरं. मला तर ती उडणारी राखाडी ठिपकी वाटली होती.

सिडनं बाईंना फार छान शिकवलं आहे. मी तसं म्हटलंसुद्धा. त्या चहा ओतत होत्या. म्हणाल्या, "सिडला चहा फार चांगला जमायचा."

२८ जानेवारी

एक कबूतर जखमी होऊन कुंपणाच्या पलीकडे गेलं. वर पक्ष्यांची रांग लागली होती, ऐन भर. मिसेस ओडलिंगनी बंदूक उघडली, काडतुसं काढली आणि काट्यांत शिरल्या. चाळीस मिनिटं शोधलं. मी म्हटलं, एका पक्ष्यासाठी पन्नास गेले. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेत भाजी टाकून उठलो होतो तो दिवस आठवला.

पक्षी सापडला. त्यांनी हातातच शांत केला. मग मला म्हणाल्या की जे तू अर्धवट सोडतोस ते तुझ्या नावावर राहतं.

संध्याकाळी चार पक्षी आमच्या दारात टांगलेले होते, सोललेले. बाकीचे खाटकाकडे गेले. रूथनं छातीचं मांस खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर परतलं. मी अशा बाईंना एकटी बाई म्हणून दया दाखवत होतो. पण एकाच बाईच्या भरवशावर चाळीस एकर, ही काळजी राहतेच.

५ फेब्रुवारी

तीन दिवस बर्फ. आजूबाजूची सगळी शेतं झाकली गेली, फक्त आमच्या उतारावर वाऱ्यानं बर्फ उडालं आणि मोहरी उघडी पडली. दोन हजार कबुतरं, जास्तच. मिसेस ओडलिंगच्या गुडघ्यानं दगा दिला, दोन दिवस येता आलं नाही.

माझा धीर सुटला. शहरातल्या एका नेमबाज मंडळाला फोन केला. त्यांचा माणूस इतक्या आत्मविश्वासानं बोलला, की मला दुकानात खोटे सुटे भाग विकायला येणारे आठवले नाहीत, आठवायला हवे होते. शनिवारी सहा जण येतो म्हणाले. मी परवानगी दिली.

रूथनं विचारलं, बेरिलला, म्हणजे मिसेस ओडलिंगना, सांगितलंस का? म्हटलं, त्यांना विश्रांतीच हवी आहे. शिवाय परवानगी सिडची होती, ती सिडबरोबरच संपली. रूथनं भांडी जरा जोरात ठेवली.

७ फेब्रुवारी

हे लिहायला लाज वाटते.

सहा माणसं पहाटेच आली, पानांच्या नक्षीचे कपडे, फसवी कबुतरं गरगर फिरवणारी यंत्रं, बॅटऱ्या. शेताच्या ऐन मध्यावर बसली. पक्षी आले तसे लांबूनच बार काढले. एकतीस पक्षी पडले, बाकी दोन हजार एका तासात क्षितिजापलीकडे. पडलेल्यांत दोन कडीवाले निघाले, गावातल्या म्हाताऱ्या मिस्टर लेगेटचे. त्याची माफी मागायला मलाच जावं लागलं. तो कडं हातात घेऊन नंबर वाचत राहिला.

पण त्याहून वाईट दहा वाजता झालं. मिसेस ओडलिंगची छोटी गाडी फाटकाशी आली. गुडघ्याला पट्टी, मागच्या सीटवर जाळी. त्यांनी शेताकडे पाहिलं, त्या सहा जणांकडे, मग माझ्याकडे. काच खाली केली नाही. गाडी मागे घेतली आणि गेल्या.

इथे एका जमिनीवर दोघांना परवानगी देत नाहीत. लेखी कुठेच नसतं, पण देत नाहीत. बाबांनी चाळीस वर्षांत एकदाही दिली नव्हती. सुटे भाग विकणाऱ्याला हे कळायला पाहिजे होतं, कारण आम्हीसुद्धा एका गावात दोन दुकानांना माल देत नव्हतो.

९ फेब्रुवारी

कबुतरं परत आली. अंदाज करायचं सोडून दिलं.

१० फेब्रुवारी

गेलो. दार उघडलं, पण आत ये म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यावर उभं राहून मी माफी मागितली. म्हटलं, चूक झाली, सिडला दिलेल्या शब्दाचा मी मान ठेवायला हवा होता.

त्यांनी विचारलं, "तुझ्या बापानं शब्द कुणाला दिला होता, ते कधी विचारलंस त्याला?"

म्हटलं, सिडलाच ना. त्या हसल्या, पण मला बरं वाटावं असं ते हसू नव्हतं. म्हणाल्या, "दोन दिवस शेतात पाऊल टाकू नकोस. कुणालाच टाकू देऊ नकोस. त्यांना वाटू दे शेत त्यांचं आहे. गुरुवारी येते."

त्यांचं मन मोठं आहे. घरी येताना मी गाडीत मोठ्यानं गात होतो. माझं गाणं ऐकून कबुतरं गेली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी

दोनशे चौसष्ट. एका दिवसात, एका बंदुकीनं, एका दुखऱ्या गुडघ्यानं. शेवटी शेवटी त्या बसूनच मारत होत्या.

माझं काम म्हणजे थोड्या थोड्या वेळानं जाऊन पडलेले पक्षी वेचायचे, प्लॅस्टिकच्या जागी खरे मांडायचे, मान काडीनं वर टेकवायची, पोती रस्त्यापर्यंत न्यायची. त्या म्हणाल्या, सिडपेक्षा मी हळू आहे, पण कमी बोलतो. एवढं कौतुक मला पंधरा वर्षांत दुकानात मिळालं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

कबुतरं कमी झाली, तर आता ससे. जुन्या खाणीच्या उतारावर त्यांची बिळं आहेत आणि तिथून आमच्या शेताच्या कडेला वीस पावलांचा पट्टा त्यांनी जमिनीसपाट केला आहे. कुळानं सशांचा बंदोबस्त करायचा हा कायदा आहे, हे हॅल्स्टेडनं पत्रात दोनदा लिहिलं आहे.

ऊन कलताना मिसेस ओडलिंग बांधावर पालथ्या झोपल्या, छोटी रायफल घेऊन. एकाहत्तर वर्षांची बाई ओल्या गवतात पालथी, आणि मी मागे तिची उशी धरून. सात गोळ्या, सात ससे, सगळे डोक्यात. एका सशिणीवर नेम धरून थांबल्या, ती दूध पाजणारी आहे म्हणाल्या, आणि सोडली. मला ससाच दिसला नव्हता, सशीण कुठली.

"नववं वर्ष होतं मला," म्हणाल्या. "मांस शिधापत्रिकेवर मिळायचं. बाबा दोन गोळ्या द्यायचे आणि दोन ससे मागायचे."

इतक्या लहानपणी सुरुवात झाली म्हटल्यावर सिडचं काम सोपंच झालं असणार.

१४ मार्च

मोहरीनं डोकं वर काढलं. खळग्यातले सहा एकरसुद्धा. देठांतून नवी पानं फुटली आहेत आणि खोड चढायला लागलं आहे. एकदा ती गुडघ्याच्या वर गेली की कबुतरांना उतरता येत नाही. मी संध्याकाळी एकटाच शेतात उभा राहिलो आणि रडलो. कुणी पाहिलं नाही. पाहिलं तरी हरकत नव्हती.

२ एप्रिल

मिस्टर हॅल्स्टेड आले. बूट चकचकीत, काठी हातात. शेताच्या कडेनं चालले, खळग्यात उतरले, खोड मोजलं. मोहरी मांडीपर्यंत आलेली, कळ्या धरलेल्या. मागे वळून म्हणाले, "शेजारच्याची निम्मी गेली. तुझी कशी राहिली? तुझ्या बापाकडे सिड होता. तुझ्याकडे कोण?"

मी तोंड उघडलं. मी काही बोलायच्या आधीच ते म्हणाले, "स्वतःच उतरलास वाटतं मैदानात. शाब्बास. असाच माणूस इस्टेटला हवा आहे, जो आपली जमीन आपल्या बंदुकीनं राखतो." आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

मी हसलो. आणि म्हणालो, "लवकर उठावं लागतं."

एवढंच. खोटं असं काही बोललो नाही. माझ्या नावावर परवानाही नाही, बार झाला की डोळे मिटतात माझे, आणि मी हसलो. मिसेस ओडलिंग दहा पावलांवर आडोशाचे खांब उपटत होत्या. हॅल्स्टेडनं त्यांना टोपी उचलून नमस्कार केला, मदतीला आलात वाटतं, छान, असं म्हणाले, आणि मला सांगितलं की कराराचं पत्र सोमवारी सहीला जाईल.

गाडी वळेपर्यंत त्या जाळी गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "सिडपण पहिल्यांदा असाच हसला होता."

मी विचारलं, कधी.

"त्र्याहत्तर साली. जुना एजंट होता. एवढी कबुतरं कुणी मारली म्हणून विचारलं आणि सिडच्या पाठीवर थाप मारली. मी तिथंच होते, पोतं धरून. सिड हसला. मी म्हटलं, जाऊ दे. दुसऱ्या वेळी त्याला हसावंसुद्धा लागलं नाही."

राग नव्हता आवाजात. राग असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाल्या, तुझ्या बापाला ठाऊक होतं. दर नाताळला तो भेट सिडच्या हातात द्यायचा आणि आभार माझे मानायचा, बांधाआड, कुणी नसताना. जाळी गाडीत टाकून त्या गेल्या.

३ एप्रिल

रूथला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. थांबली नाही.

"कॉलिन, तिच्या उजव्या खांद्याला बंदुकीचा मार बसतो, तिथं मी चौदा वर्षं मलम लावतेय. सिडच्या खांद्यावर ओरखडासुद्धा नव्हता कधी. दवाखान्यातलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून गप्प होते. पण तुला दिसायला काय झालं होतं?"

मी या वहीची मागची पानं वाचली. सगळं मीच लिहिलेलं आहे. माझ्याच अक्षरात माझा मूर्खपणा, तारीखवार.

आणि खरं सांगायचं तर मूर्खपणा माफ होईल, हसणं होणार नाही. मला जमीन हवी होती. सिडला निदान जमीन मिळणार नव्हती, फुकटचं नाव मिळत होतं एवढंच. मी तेच केलं, तेही भाव ठरवून. रूथ म्हणाली, पत्र सोमवारी जाणार आहे ना? आज शुक्रवार आहे.

३ एप्रिल, दुपारी

इस्टेटच्या कचेरीत गेलो. हॅल्स्टेडना सांगितलं, बंदूक माझी नव्हती, मिसेस बेरिल ओडलिंगची होती, आणि माझ्या बाबांच्या वेळीही त्यांचीच होती.

ते पेन फिरवत राहिले. "मग तू नक्की काय करतोस?"

"मी मेलेली कबुतरं वेचतो, सर. आणि पोती उचलतो."

"बहात्तर वर्षांच्या बाईच्या भरवशावर इस्टेट जमीन देत नाही, कॉलिन."

"एकाहत्तर," मी म्हणालो. मग म्हणालो, पत्रावर सही झाली नसेल तर थांबवा. या वेळी डोळे मिटले नाहीत. ते म्हणाले, पत्र थांबेल. बाकीचं बघू.

घरी येताना गाडी मिसेस ओडलिंगच्या दारात उभी केली आणि काय केलं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझी जमीन गेली तर?" म्हटलं, गेली तर गेली. त्यांनी मला आत बोलावलं.

१७ एप्रिल

चौदा दिवस इस्टेटकडून शब्द नाही. आज सकाळी निरोप न देता हॅल्स्टेड आले. आम्ही खालच्या शेतात होतो, नुकत्याच उगवलेल्या वाटाण्यावर कबुतरं बसत होती. ते आडोशाशी वाकले आणि म्हणाले, मला बसायचं आहे. मिसेस ओडलिंगनी सरकून जागा दिली, टोपी काढायला लावली आणि हलायचं नाही म्हणून सांगितलं. इस्टेटचा एजंट आज्ञाधारक मुलासारखा बादलीवर बसला.

मी बांधामागे पोतं घेऊन. तिथून आवाज मोजता येतात. एक तास. बत्तीस बार. मधे एक कडीवालं कबूतर आडोशावरून गेलं, तेव्हा बार झाला नाही. मी वेचायला गेलो, अठ्ठावीस मिळाले.

हॅल्स्टेड बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल होता आणि चकचकीत बुटांवर चिखल होता. म्हणाले, असं काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नाही. मग, सवयीनं असेल, म्हणाले, "सिडनं फार छान तयार केलं तुम्हाला."

मिसेस ओडलिंग बंदूक पुसत होत्या.

"सिडला मी तयार करत होते," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं. नाही जमलं त्याला. बार झाला की दोन्ही डोळे मिटायचा. पण चहा करायला आणि पोतं उचलायला त्याच्यासारखा माणूस नाही झाला. फार चांगला होता तो."

हॅल्स्टेडनी बुटांवरचा चिखल गवतात पुसला. मग मला म्हणाले की पत्र त्यांनी फाडलं नव्हतं, टेबलाच्या खणात ठेवलं होतं. बंदूक कुणाची, ते एक वाक्य बदललं की सोमवारी येईल, तीन वर्षांचं. मी हो म्हणालो असेन. मला आठवत नाही.

गाडीतून त्यांनी एक जाड वही आणली. इस्टेटच्या कुठल्या शेतावर कुणाची बंदूक, त्याची यादी. आमच्या शेतासमोर जुन्या शाईत एकच नाव, एस. ओडलिंग. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, नाव तसंच. हॅल्स्टेडनं गाडीच्या टपावर वही ठेवली आणि ते खोडायला पेन उघडलं.

"राहू दे ते," मिसेस ओडलिंग म्हणाल्या. "माझं त्याच्या वर लिहा."

वर जागा नव्हती. पानाची पहिलीच ओळ होती ती. हॅल्स्टेडनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, वही तिरकी केली आणि समासाच्या कडेपर्यंत बारीक अक्षरात, पूर्ण नाव लिहिलं, बेरिल मेरी ओडलिंग. मिसेस ओडलिंगनी चष्मा लावून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. वही मिटू दिली नाही, शाई वाळेपर्यंत पान हातानं उघडं धरून उभ्या राहिल्या.

मग माझ्याकडे वळल्या. "उभा काय राहिलास? चार पक्षी बाकी आहेत कुंपणात."

मी गेलो. चारही सापडले.